कोडेक्स आणि चौथी सीट

'एक्सकॉम २' या २०१६ सालच्या गेममध्ये कोडेक्स नावाचा एक वैताग आहे. गोळी घातली आणि मेला नाही, की एकाचे दोन होतात. पोरं त्याच्यावर दातओठ खातात. मला मात्र तो ओळखीचा वाटला. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकीशी एकटेच गृहस्थ बसलेले असतात. शेजारी रुमाल, समोर डब्याची पिशवी. "इथे कोणी आहे का?" एवढंच विचारायचं. अंबरनाथला त्यांचे चार होतात आणि पत्ते पिसले जातात. चौथ्या सीटवर टेकायचं तर त्यांचीच परवानगी.

त्याच गेममधला व्हायपर लांब जिभेने आडोशामागचा शिपाई ओढून नेतो. आमच्याकडे जिभेची गरज नाही (ती भांडायला लागते). उल्हासनगरला उतरायचं म्हणून मी दारापर्यंत पोचलो, तर चढणाऱ्या लोंढ्याने उचलून परत पंख्याखाली नेऊन ठेवलं. उतरलो तो कल्याणला.

गेममध्ये निदान आपली पाळी तरी येते. चुकलं तर जुना सेव्ह उघडता येतो. ही सोय काढून घेतलेल्या प्रकाराला तिथे 'आयर्नमॅन' म्हणतात. इथे त्याला सेकंड क्लासचा पास म्हणतात.