मिश्रीबाईंना खुले पत्र

आदरणीय मिश्रीबाई,



रायगड जिल्ह्यातल्या आगरदांड्यात अजून कितीतरी घरांत चहाच्या आधी तुमची डबी उघडते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरडीवर चोळत बसायचं. केवढी तुमची थोरवी! पोट साफ करता, दाढदुखी थांबवता, गरोदर सुनेची मळमळसुद्धा घालवता म्हणे. त्या बदल्यात जरा हिरडी खाल्लीत, तर बिघडलं कुठे?

खाता मात्र गुपचूप. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आत आजार वाढत असतानाही हिरडीतून रक्त फारसं येत नाही आणि बाईला वाटतं, हिरड्या घट्ट झाल्या. हिरडीची कड मागे सरते, दात लांब दिसू लागतात. उघड्या मुळावर इनॅमल नसतं; गार पाणी लागलं की कळ मस्तकात जाते. त्या कळीवर औषध कोणतं? पुन्हा तुम्हीच!

गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही. हिरड्यांचे तज्ज्ञ टाळूच्या आतल्या थरातून पातळ पट्टी काढतात, मुळावर बसवतात आणि हिरडी तिच्यावर ओढून टाके घालतात. दुसरी पद्धत पीआरएफची, म्हणजे प्लेटलेटयुक्त फायब्रिनची, २००१ साली फ्रान्सच्या डॉ. जोसेफ शुक्रून यांनी मांडलेली. रोग्याचंच थोडं रक्त यंत्रात फिरवून फायब्रिनचा थर मिळवायचा आणि तो मुळावर बसवायचा. त्यातल्या प्लेटलेट्स जखम भरून आणणारी द्रव्यं सोडत राहतात. हाड झिजलं असेल तर काही जागी पडदा आणि हाडाची भुकटी घालून ते वाढवून पाहतात. पण दोन दातांमधलं हाडच गेलं असेल, तर मूळ पूर्ण झाकलं जाईल अशी हमी नाही. त्यात तुमचा मुक्काम तोंडात चालू राहिला, तर लावलेलं कलम नीट धरत नाही. म्हणजे केलेल्या कामावरही पाणी तुम्हीच ओतणार.

१९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. तुमचं काय अडलं? तुम्ही घरच्या तव्यावरच जन्मता, तिथे कोण निरीक्षक येणार?

मला सर्वांत चीड येते ती तुम्ही निवडलेल्या गिऱ्हाइकाची. दिवसभर राबणारी, स्वतःच्या दुखण्यासाठी कधी दवाखान्याची पायरी न चढणारी बाई तुम्ही हेरता. लहान मुलींच्या बोटालाही तुम्ही आईच्या डबीतूनच लागता. मिश्रीबाई, तुम्ही चोर आहात.

आयाबायांनो, आधी ही डबी सोडा, शस्त्रक्रियेचं मग बघू. दातांच्या डॉक्टरांना मिश्री लावत असल्याचं न लाजता सांगा. तोंडात पांढरा चट्टा दिसला किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठा. हिरडीच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर दंत महाविद्यालय आहेत. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.