मायेचा पूर
पश्चिम आफ्रिकेतून आलेले स्नेक प्लांट जाड पानांत आणि प्रकंदात, म्हणजे मातीखाली आडव्या वाढणाऱ्या खोडात, पाणी साठवते आणि पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रे, मुख्यतः रात्री उघडते. त्यामुळे कित्येक आठवडे दुर्लक्ष झाले तरी त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते माया उतू जाऊ लागली की. तळाला भोक नसलेल्या शोभिवंत कुंडीत रोज तांब्याभर पाणी पडल्यावर पाने बुडाशी पिवळी, लिबलिबीत होऊन आडवी होतात, आणि मालक खताची पुडी आणायला धावतो. नासाच्या १९८९च्या अहवालाचा दाखला देत हेच झाड हवा शुद्ध करणारे म्हणून खपवले जाते. ते प्रयोग बंद पेटीत झाले होते, उघड्या खिडक्यांच्या दिवाणखान्यात नव्हे. माती पूर्ण वाळेपर्यंत पाणी घालू नये. हात फारच शिवशिवत असतील, तर पानांवरची धूळ पुसावी.