कात्रज ते वाई, व्हाया गुडघा

पुण्याहून सायकलने वाईला जाताना लागणारी गावं नकाशात वेगळी असतात आणि अंगावर वेगळी. कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी तळहातांना मुंग्या आल्या, खेड शिवापूरला माना आखडल्या, नीरा ओलांडून शिरवळात शिरेपर्यंत गुडघे बोलू लागले. पुढच्या ठिकाणांची नावं, वकीलसाहेबांची भाची सोबत असल्यामुळे, कोणी उच्चारली नाहीत.

बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी या बेनामी भागाची तजवीज घरूनच केली होती. सीटवर गुबगुबीत जेल कव्हर! गादी मऊ तितकी बैठक सुखाची, हे बँकेत खरं असेल. सायकलवर बुडाची दोन हाडं गादीत रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. त्यात सीटचं नाक आकाशाकडे. साडूंनी सायकल आणलेली एका उंच मित्राची. पेडल खाली गेलं की पाय पुरेना, म्हणून त्यांची कंबर पुण्यापासून लेझीम खेळत आली होती.

वकीलसाहेबांचं नेमकं उलट. सिग्नलला दोन्ही पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत, हा त्यांचा दंडक. सीट इतकी खाली, की पेडल वर आलं की गुडघा छातीची विचारपूस करून जायचा. शिवाय हलका गिअर म्हणजे त्यांना माघार वाटते. खंबाटकीत साताऱ्याहून येणाऱ्यांना बोगदा आणि जाणाऱ्यांना चढ, या अन्यायावर युक्तिवाद करत ते जड गिअर रेटत होते आणि गुडघ्याची वाटी दर फेऱ्याला हरकत नोंदवत होती. आजाराचं निदान मात्र सर्वानुमते झालं होतं: वात.

भाचीने घाटातच एलन की काढली.

"मामा, टाच पेडलवर ठेव. पेडल तळाला असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलास की गुडघा तीसेक अंश वाकतो. तेवढाच हवा."

"आणि सिग्नलला काय, आडवा होऊ?"

"सीटवरून पुढे उतरायचं!"

मामांची सीट वर गेली, साडूंची खाली आली, काकांच्या सीटचं नाक जमिनीला समांतर झालं आणि कव्हर पिशवीत गेलं. कोपरं सैल सोडण्याचा हुकूम सगळ्यांनाच होता. ताठ हातांनी हँडलवर रेललं की तळव्याची नस दबते म्हणे. "आणि गिअर हलका. पाय भरभर फिरू देत, सपाटीवर मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे."

सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलो तेव्हा कोणी कण्हत नव्हतं, त्यामुळे बोलायला विषयही नव्हता. वकीलसाहेबांच्या मते हा गुण उताराचा. तरी ढोल्या गणपतीचं दर्शन होताच त्यांनी कॅन लटकवलेल्या एका दूधवाल्याला थांबवलं.

"अहो, सीट फार खाली आहे तुमची. गुडघे जातील."

त्याने एक पाय टेकवत साहेबांच्या चकचकीत चड्डीकडे पाहिलं.

"मला दर चौथ्या घराला उतरावं लागतंय, साहेब. तुम्हाला कुठं उतरायचंय?"