मवाळ काका, जहाल मासे

रिक्षावाल्याने दहा रुपये जास्त मागितले तर निमूट देणारा, लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धाच टेकणारा, सोसायटीच्या सभेत मागच्या रांगेत बसून चहाची वाट पाहणारा माणूस घरी कुठले मासे पाळत असेल? गप्पी? छे! हा माणूस सिक्लिड पाळतो. डोंबिवलीच्या वन बीएचकेत असे एक तरी काका असतातच.

सिक्लिड म्हणजे माशांतले दादा लोक. कॉन्व्हिक्टच्या अंगावर कैद्याचे काळे पट्टे. जॅक डेम्प्सीला नाव मिळालंय ते 1919 ते 1926 या काळात हेवीवेट जगज्जेता असलेल्या मुष्टियोद्ध्याचं. ही नावं काका जिभेवर घोळवून घोळवून घेतात. पाहुणा आला की आधी तर्जनीवरचा ओरखडा दाखवतात. "खडे सारखे करायला हात घातला, तर चावला!" लेकाच्या दहावीच्या निकालालाही त्यांचा चेहरा इतका फुलला नव्हता.

काकूंना यातलं काही पटत नाही. त्यांचं माहेर भिगवणचं. "चिलापीसुद्धा याच खानदानातली ना? उजनीकाठी आम्ही ती तळून खातो. फिल्टर नाही लावत."

रविवारी काका कुर्ल्याला. दुकानदार दोन इंची टायगर ऑस्कर पुढे करतो आणि या धंद्यातलं सनातन खोटं बोलतो, "मासा टाकीएवढाच वाढतो, काका." इथे मात्र काकांच्या अंगात संचारतं. "तो फूटभर होतो! माझी टाकी दोन फुटांची, पाणी पन्नास-पंचावन्न लिटर. तो वळणार कुठे?"

"मग काच साफ करायला सकर न्या."

"तोही फूटभर होतो. आणि साफ करतो त्याहून जास्त घाण करतो."

"निऑन टेट्रा?"

"कॉन्व्हिक्टला चकणा म्हणून?"

शेवटी काका नुसती दाण्यांची डबी घेऊन परततात. हिशेब त्यांचा चोख आहे. दोन फुटांत कॉन्व्हिक्टची एक जोडी, बस्स. अंडी घातली की नवरा-बायको दोघं मिळून पहारा देतात आणि अख्खी टाकी आपल्या नावावर करून घेतात. मोठी टाकी असेल तर नवा मासा सोडण्याआधी दगड, कुंड्या सगळं हलवायचं, म्हणजे जुन्याचा सातबारा आपोआप रद्द होतो. हे ज्ञान काका मागितल्याशिवायही देतात.

तरी त्यांनी दुसरी टाकी आणलीच. पहिलीला काचेला काच लावून ठेवली, तिच्यात दुसरी जोडी. याला आधार थेट कॉनराड लॉरेन्झ यांचा, 1973 च्या नोबेलवाल्यांचा. आक्रमकतेवरच्या 1963 च्या पुस्तकात त्यांनी लिहून ठेवलंय की, काचेपलीकडे शेजारी दिसत असला की सिक्लिड नवरा सगळा राग त्याच्यावर काढतो आणि घरात गोडीगुलाबीने राहतो. काचेवर शेवाळ धरलं, शेजारी दिसेनासा झाला, की बायकोच्या अंगावर धावून जातो. म्हणून ही मधली काच काका जुन्या टूथब्रशने घासून लख्ख ठेवतात. पुढच्या काचेवर शेवाळ साचून मासे दिसेनासे झाले तरी चालेल.

हा सिद्धान्त काकांना इतका पटण्याचं कारण वरच्या मजल्यावर राहतं. तिथल्या वॉशिंग मशीनचं पाणी काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं. रोज सकाळी साडेसातला काकू गॅलरीतून मान वर करून बोलायला लागतात, आणि दहा मिनिटांनी आत येतात तेव्हा काकांच्या चहाबरोबर न मागता खारी असते.

गेल्या महिन्यात वरच्यांनी घर भाड्याने द्यायला काढलं. काकांनी वॉचमनला दोनदा गाठून चौकशी केली.

"काळजी नको काका," वॉचमन म्हणाला, "येणारी माणसं एकदम शांत आहेत. मशीनसुद्धा नाही त्यांच्याकडे."

काकांचा चेहरा पार उतरला.