जपानी माणसास इंग्रजी वाचावयास शिकविण्याची खराडी पद्धत

पुण्यातल्या खराडीत इऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आसपास राहणाऱ्या, जपानीची एन-थ्री परीक्षा कशीबशी पास झालेल्या आणि पगाराला जोड शोधणाऱ्या सर्व मराठी स्त्री-पुरुषांनी हे मार्गदर्शन नीट वाचावे. पुण्यात जपानी शिकवणारे उदंड आहेत. रानडे इन्स्टिट्यूटपासून गल्लीतल्या क्लासपर्यंत सगळीकडे पाट्या लागलेल्या आहेत, तेव्हा त्या बाजारात नवे दुकान मांडू नये. उलटा धंदा मात्र मोकळा आहे: जपान्यांना इंग्रजी वाचायला शिकवणे. घड्याळही अनुकूल आहे. टोकियोत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इथे दुपारचे साडेचार, म्हणजे बायपासवर गाड्या तुंबायच्या आत वर्ग आटोपतो. भांडवल म्हणून लॅपटॉप आणि कॅमेऱ्यात दिसेल तेवढी इस्त्री पुरे. खरी पात्रता वेगळीच आहे आणि ती लंडनच्या माणसाकडे असू शकत नाही: आपणही इंग्रजी उलटेच वाचायला शिकलो.

आधी दुखणे समजून घ्यावे. ‘द मॅन हू केम फ्रॉम ओसाका यस्टर्डे लेफ्ट हिज अम्ब्रेला इन द ऑफिस’ हे वाक्य घ्या. जपानी विद्यार्थी ‘मॅन’पाशी थबकतो, उडी मारून ‘यस्टर्डे’वर जातो, तिथून मागे ‘ओसाका’, मग ‘फ्रॉम’, मग ‘केम’ करत पुन्हा ‘मॅन’कडे येतो. पुढच्या अर्ध्यातही तेच: आधी ऑफिस, मग ‘इन’, मग छत्री, आणि सर्वांत शेवटी ‘लेफ्ट’. एवढी कवायत झाली की वाक्य तयार होते: ‘किनो ओसाका कारा किता हितो वा काइशा नि कासा ओ वासुरेता.’ आता याच क्रमाने मराठी म्हणून पाहा: काल ओसाकाहून आलेला माणूस ऑफिसात छत्री विसरला. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, माणसाची सगळी हकिकत माणसाच्या आधी. त्या विद्यार्थ्याचे डोळे कागदावर कसे धावतात हे मराठी शिक्षकाला कोणी सांगावे लागत नाही.

हा दोष आळसाचा नाही, विद्वत्तेचा आहे. जपानी पंडितांनी शेकडो वर्षे चिनी ग्रंथ वाचले ते अक्षरांच्या बाजूला ‘इथून मागे फिरा’ अशा बारीक खुणा करून, चिनी मजकूर जपानी क्रमात वळवून. पुढे इंग्रजी आली तेव्हा तिच्यावरही तोच प्रयोग झाला. भाषांतर करत वाचण्याच्या या रीतीला याकुदोकु म्हणतात. हसू येत असेल तर आवरावे. आपल्याकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यांनी गिरवली. २००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पाचवीवरून पहिलीत उतरली, तरी गाइडातले ‘शब्दार्थ आणि भाषांतर’ काही जागचे उठले नाही. जपाननेही २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय केला. विद्यार्थ्याचे वय कमी केले की भाषा येते, यावर दोन्ही देशांतल्या शिक्षणखात्यांची सारखीच श्रद्धा दिसते.

इलाज असा. वाक्यावर तिरप्या रेघा माराव्यात. जपानी शाळांत याला स्लॅश रीडिंगच म्हणतात, त्यामुळे शोध आपला असल्याचा आव आणू नये. प्रत्येक रेघेपाशी थांबून एकच प्रश्न विचारावा: कोण? कुठून आलेला? कधी? काय केले? कुठे? उत्तर जपानीत आले तरी चालेल, पण वाचून झालेला तुकडा कागदाने झाकावा, म्हणजे मागे फिरायची वाटच बंद होते. याच्या जोडीला सोपी पुस्तके ढिगाने द्यावीत. जपानमध्ये साकाइ कुनिहिदे या शिक्षकांनी ‘तादोकु’ म्हणजे भरपूर वाचनाचे तीन नियम रुजवले: शब्दकोश उघडू नका, अडेल ते सोडून द्या, कंटाळा आला की पुस्तक मिटा. ध्येय दहा लाख शब्दांचे. हे तिन्ही नियम मराठी शिक्षकाच्या रक्ताला मानवणारे नाहीत. अडलेला शब्द विद्यार्थ्याने खुशाल ओलांडलेला पाहून त्याचा जीव कासावीस होतो, आणि ‘ॲन’ व ‘द’ यांवर अर्धा तास बोलावेसे वाटते. अशा वेळी माइक म्यूट करावा. स्वतःचा.

आता आक्षेप. आपल्या उच्चारांचे काय? विषय वाचनाचा आहे, आणि शिवाय जिथे मॅकडोनल्ड्सचे ‘माकुदोनारुदो’ होते तिथे व्यंजनाचा पाय मोडता येणारा माणूस श्रीमंतच ठरतो. मग जन्माने इंग्रजी बोलणारा काय वाईट? जपानने १९८७ पासून जेट योजनेखाली असे हजारो तरुण शाळांत नेले. बोलण्याची भीड मोडायला ते उत्तम. पण ज्याने आयुष्यात वाक्य कधी उलटे वाचले नाही, त्याला ते सुलटे करण्याची युक्ती कुठून सुचणार? वजनदार आक्षेप पुढचा आहे: भाषांतर केल्याशिवाय अर्थ नेमका कळला हे कशावरून? करारनाम्याला आणि कवितेला भाषांतर हवेच. पण ते वाचून झाल्यावरचे काम आहे, वाचणे नव्हे. व्याकरणशुद्ध भाषांतर लिहून त्यात काय म्हटले आहे ते सांगता न येणारे विद्यार्थी दोन्ही देशांत मुबलक आहेत. शिवाय कागदावर मागे जाता येते, क्लायंटच्या कॉलवर नाही. उलटे वाचणाऱ्या माणसाचा कानही वाक्य संपेपर्यंत ताटकळतो. राहिला परीक्षेचा धाक. जपानच्या विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक परीक्षेत २०२१ पासून इंग्रजी वाचन आणि श्रवण यांना शंभर-शंभर गुण आहेत, आणि वाचनाची लांबलचक प्रश्नपत्रिका ८० मिनिटांत संपवायची असते. दोनदा वाचणाऱ्याला तेवढ्यात शेवटचे पान दिसत नाही.

सारांश, शिकवायचे ते इंग्रजी नसून मागे न वळणे आहे. म्हणून फी ठरवण्याआधी शिक्षकाने एक परीक्षा स्वतः द्यावी: कोणत्याही इंग्रजी कादंबरीची पन्नास पाने शब्दकोश न उघडता आणि मनात मराठी वाक्य न जुळवता वाचावीत. जमले तर वर्ग काढावा. न जमले तरी काढावा. फक्त फी निम्मी घ्यावी आणि गृहपाठ विद्यार्थ्यांबरोबर स्वतःही करावा.