शुद्धलेखनकाका

शुद्धलेखनकाका हा बंगळुरूतल्या जवळपास प्रत्येक मराठी व्हॉट्सॲप गटात आढळतो. वयाची अट नाही. व्हाइटफील्डमध्ये पस्तिशीतही काका होता येते. जातिवंत नमुना मात्र एचएएल किंवा बीईएलमधून निवृत्त झालेला असतो. कारखान्यातली तपासणी सुटली, तपासणीची सवय सुटली नाही.

‘दिवाळीच्या हार्दीक शुभेच्छा’ आल्या की तो त्या घेत नाही. ‘दी’ ऱ्हस्व करून परत पाठवतो. ‘आणी’ दिसल्यावर त्याचा चहा निवतो. ‘श्रध्दांजली’च्या बाबतीत मात्र तो माणुसकी दाखवतो. तेराव्यापर्यंत कळ काढतो आणि चौदाव्या दिवशी ‘द्ध’ कसा लिहावा, हे संबंधितांना खासगीत कळवतो.

त्याचा आधार भक्कम आहे. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम शासनाने 1962 मध्ये मान्य केले, 1972 मध्ये आणखी चार आले. एकूण अठरा, गीतेच्या अध्यायांइतकेच, हे तो वर्षातून एकदा तरी गटाला सांगतो. गंमत अशी की नियम त्याच्याहून दिलदार आहेत. पात्राच्या तोंडच्या बोलण्यात ‘केलं’, ‘झालं’ असे उच्चाराप्रमाणे लिहायला त्यांची हरकत नाही. काका मात्र ‘जेवण झालं का?’ या चौकशीलाही ‘झाले का’ अशी दुरुस्ती सुचवतो. जेवण झाले की नाही, ते शेवटपर्यंत कळत नाही.

त्याची खरी कसोटी शहराच्या नावावर लागते. कर्नाटक सरकारने 1 नोव्हेंबर 2014 पासून इंग्रजी स्पेलिंगही कन्नड उच्चाराप्रमाणे केले. त्या कन्नड नावात ‘ळू’ दीर्घ आणि ‘रु’ ऱ्हस्व. मराठीचा नियम नेमका उलटा: शेवटचा उकार दीर्घ, त्याच्या आधीचा ऱ्हस्व, जसे ‘सुरू’. म्हणून मराठीत ‘बंगळुरू’. कानडी शेजारी मराठी पाटीवर ‘ळु’ पाहून कळवळतो, काका कानडी पाटीवर ‘रु’ पाहून. दोघेही आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे हा वाद मिटण्याची शक्यता नाही.

रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्या पोरांपुढे तो हतबल होतो. तिथे ऱ्हस्व-दीर्घ पकडायला जागाच नाही. ‘कृपया देवनागरीत लिहावे’ असे तो विनवतो. उत्तरादाखल अंगठा येतो.

हाच गृहस्थ भाजीवाल्याशी कन्नड बोलतो तेव्हा ऐकावे. तीस वर्षे या शहरात काढून तो अजून ‘नानु बरत्ते’ म्हणतो. ‘बर्तीनि’ म्हणायला हवे. ‘बरत्ते’ हे नपुंसकलिंगी रूप, बस येते किंवा पाऊस येतो तेव्हाचे. भाजीवाला दुरुस्ती करत नाही. त्याला अर्थ कळतो, आणि वर कोथिंबिरीची काडीही देतो. आपले कन्नड उत्तम आहे, अशी काकाची समजूत त्यामुळेच टिकून आहे.

गटातून त्याला काढावे, असा प्रस्ताव वरचेवर निघतो, पण अमलात येत नाही. गणेशोत्सवाची पत्रिका आणि स्मरणिकेची मुद्रिते फुकट तपासून देणारा दुसरा माणूस मिळत नाही.