जनरल मोटर्स यांस, सादर अभिनंदनपूर्वक

मु. पो. डेट्रॉइट
स. न. वि. वि.

12 जून 2025 रोजी राष्ट्राध्यक्षांची सही झाली, कॅलिफोर्नियाचा तो जाचक नियम मोडीत निघाला आणि आपला जीव भांड्यात पडला, हे वाचून आनंद झाला. 2035पासून निव्वळ पेट्रोलवर चालणारी नवी गाडी विकायची नाही म्हणजे काय, मोगलाई आहे? धूर बंद करण्यासाठी 2035 हेच साल आपण 2021मध्ये स्वतःहून जाहीर केले होते, असे काही खवचट लोक म्हणतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

आपला बाणेदारपणा आजचा नाही. 1970च्या स्वच्छ हवा कायद्याच्या कसोटीला होंडाचे सीव्हीसीसी इंजिन उतरले, तेव्हा आपले अध्यक्ष म्हणाल्याचे सांगतात की असले काही मोटारसायकलीच्या खेळण्याला चालेल, आमच्या गाड्यांना नव्हे. त्यावर होंडासाहेबांनी आपलीच शेव्हरोले इम्पाला विकत घेतली, विमानात घालून जपानला नेली, तिच्या भल्याथोरल्या व्ही-8 इंजिनावर स्वतःची करामत बसवली आणि परत अमेरिकेत आणून सरकारी चाचणीत पास करून दाखवली. किती हा आगाऊपणा!

पण आपले खरे कर्तृत्व म्हणजे ईव्ही1. जानेवारी 1990मध्ये आपण लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात विजेच्या गाडीचा नमुना मिरवलात. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने तो भाबडेपणाने खरा मानला आणि त्याच वर्षी फर्मान काढले: 1998पर्यंत मोठ्या कंपन्यांच्या शंभरातल्या दोन गाड्या बिनधुराच्या हव्यात. मग 1996मध्ये ती गाडी आलीच. दोन माणसांची, थेंबाच्या आकाराची, मागची चाके झाकलेली, किल्लीऐवजी आकडे दाबून सुरू होणारी. विकली मात्र नाहीत, भाड्यानेच दिलीत. हजाराच्या वर बनवल्यात, मग त्या फर्मानाविरुद्ध वकील कामाला लावलेत, आणि नियम ढिला होताच गाड्या परत मागवल्यात. चालवणारे चेक हातात घेऊन उभे होते. आपण बहुतेक गाड्या चेपून चपट्या केल्यात आणि एकावर एक रचल्यात. हे 2003पासूनचे. त्याच वर्षी जुलैत टेस्ला नावाची कंपनी निघाली, हा निव्वळ योगायोग. ईव्ही1 गुंडाळण्याचा निर्णय चुकला असे आपले तेव्हाचे प्रमुख वॅगनरसाहेब पुढे म्हणाले म्हणे. मोठी माणसे निवृत्तीपर्यंत तरी थांबतात. यांनी खुर्चीत बसूनच कबुली दिली.

त्या टेस्लाने 2020मध्ये 158 कोटी डॉलर नुसती नियमपूर्तीची क्रेडिट्स विकून मिळवले. वर्षाचा नफा 72 कोटी. म्हणजे ज्यांना नियम झेपत नव्हता, त्या जुन्याजाणत्या कंपन्यांनीच वर्गणी काढून प्रतिस्पर्धी पोसला. असे औदार्य व्यापारात विरळा.

आता एकच शंका. कॅलिफोर्नियाचा तो 1990चा बिनधुराच्या गाड्यांचा नियम पुढे चीनने उचलला आणि स्वतःच्या मापाने बेतला. तिथे आपल्याच भागीदारीतल्या वुलिंगने 2020मध्ये होंगगुआंग मिनी ही विजेची चिमुकली गाडी 28,800 युआनपासून विकायला काढली आणि ती लाखांनी खपली. कॅलिफोर्नियात जे जमत नव्हते ते तिथे कसे जमले? बीजिंगच्या सरकारवर आपण खटला भरला नाहीत, म्हणून तर नव्हे?

असो. पुढचा नियम येईल तेव्हाही आपण असेच ठाम नाही म्हणावे, ही विनंती. चिनी कंपन्या त्याकडेच डोळे लावून बसल्या आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना शेव्हरोलेवाला, पुणे